अंबुजाक्कांची दोन दुकानं

अंबुजाक्कांवर अन्याय झाला तो २००७ सालच्या ऑगस्टमध्ये, दुसऱ्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये. अन्याय करताना त्यांच्या खांद्यावर शाल घातली होती. टाळ्या वाजल्या. पुस्तक समितीतून एका म्हाताऱ्या बाईला काढायचं होतं आणि तसं तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती, म्हणून तिचा सत्कार केला. नारळ देणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं. सोललेला होता, शेंडीसकट.

मला पत्रकंच लिहिता येतात. चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरच्या खाडीत वीजकेंद्राची राख येते, कोळ्यांच्या जाळ्यांत मासा येत नाही, त्याबद्दल मी तमिळ आणि इंग्रजीत पत्रकं लिहिते आणि बसस्टॉपवर वाटते. ज्यांनी मला ते शिकवलं त्यांचं म्हणणं, पहिल्या ओळीत अन्याय कुणावर झाला आणि कधी झाला ते आलं पाहिजे, नाहीतर माणूस कागद दुमडून शेंगदाणे बांधतो. म्हणून आधी ते लिहिलं. आता अक्का कोण होत्या ते सांगते.

त्यांची माझी ओळख पत्रकावरूनच झाली. सभेच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. एका मॉलच्या दारात मी पत्रकं वाटत उभी होते आणि मधेच आईचा फोन आला म्हणून मराठीत बोलत होते. फोन ठेवला तर समोर एक बुटक्या बाई. सुती कांजीवरम, दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्याच्या चमक्या, हातात कापडी पिशवी. माझ्या हातातला कागद त्यांनी उलटासुलटा केला.

"मराठींत कां नाही?"

"एन्नोरला मराठी कोण वाचणार?" मी म्हटलं.

"मी एन्नोरांत उभी आहें काय? तूं येथें वाटतेस, मी येथें वाचतें." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "जेवलीस कां? चेहरा वाळला तुझा."

ही तंजावरची मराठी. मराठा राजांबरोबर जी घराणी शेकडो वर्षांपूर्वी दक्षिणेत आली त्यांच्यातल्या त्या. घरात मराठी बोलायची, बाहेर तमिळ, आणि लिहायची वेळ आली की मराठीच, पण तमिळ अक्षरांत. अक्कांच्या आईनं लेकीला सासरी पाठवलेली पत्रं अशीच होती. देवनागरी अक्कांना येतच नव्हती. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्या, आणि मग मंडळाच्या बालवर्गात जाऊन बसल्या. बदलीवर आलेल्या बँकवाल्यांची, रेल्वेवाल्यांची पोरं त्या वर्गात होती. पोरं कंटाळून गेली, शिक्षिकेच्या नवऱ्याची बदली झाली, अक्का तेवढ्या राहिल्या. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायच्या. एक पान संपेपर्यंत कॉफी थंड व्हायची. कुणी घाई केली की म्हणायच्या, "मराठीसाठीं मी साठ वर्ष थांबली. मराठीनें माझ्यासाठी पानभर थांबावें."

मंडळाच्या कपाटात मराठी पुस्तकं होती थोडी. ती वाचून होत आली तशा त्या पुस्तक समितीत शिरल्या. शिरल्या म्हणजे काय, त्या कामाला दुसरं कुणी तयारच नव्हतं. मद्रासच्या उन्हात दुकानं कोण पालथी घालणार?

पुस्तकांची दोन मोठी दुकानं तेव्हा शहरात जोरात होती. दोन्ही देशभर शाखा असलेल्या साखळ्यांतली, दोन्हींकडे गार हवा आणि हळू संगीत. अक्कांनी त्यांना आपली नावं ठेवली होती. एक जिन्याचं दुकान, कारण तिथे सरकता जिना होता आणि अक्का त्यावर पाय ठेवायच्या आधी देवाचं नाव घेत. दुसरं कॉफीचं दुकान, कारण तिथे पुस्तकांच्या मधोमध कॉफी मिळे, "आणि ती कॉफी नव्हे," असं अक्का लगेच जोडत.

दुकानात शिरल्यावर अक्का पुस्तकं बघत नसत, माणूस हुडकत. "मराठी आहे कां?" हा एकच प्रश्न. कॉफीच्या दुकानात टी-शर्ट घातलेला हसरा मुलगा संगणकावर बोटं चालवायचा आणि म्हणायचा, "नेक्स्ट वीक, मॅम." पुढच्या आठवड्यात दुसरा मुलगा असायचा, तितकाच हसरा. जिन्याच्या दुकानात सेल्वम नावाचे मजला सांभाळणारे गृहस्थ होते. ते हसत नसत. सरळ म्हणायचे, "इल्लै." नाही. आणि मग विचारायचे, कुठलं पाहिजे? अक्का पुस्तकाचं नाव मोठ्या देवनागरी अक्षरांत काढून द्यायच्या. सेल्वमना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ते तो कागद चित्रासारखा फॅक्समध्ये घालून मुंबईच्या शाखेला पाठवायचे. महिना जायचा, कधी दोन. मग अक्कांच्या घरी फोन: आलं.

"'नाही' म्हणतो तो खरा," अक्का म्हणायच्या. "'येईल' म्हणतो त्यास दोनदां विचारावें."

मला दोन्ही दुकानांचा राग होता. मोठी दुकानं, मोठे पैसे, तुम्ही कशाला तिथे जाता, असं मी त्यांना ऐकवायचे. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून घ्या.

"तें मराठी देतें काय?"

"नाही देत."

"मग मी सुम्मा त्यास बघून येऊं काय?" सुम्मा म्हणजे उगीच. अक्कांचा आवडता शब्द. "हें पाहा, दोन्ही मोठीं आहेत. पण एकास कान आहेत."

 

तर तो रविवार. मंडळाचे सेक्रेटरी कुलकर्णी, एका बँकेत अधिकारी, बदलीवर आलेले, स्वच्छ माणूस, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी प्रस्ताव मांडला. कॉफीच्या दुकानाशी करार करायचा. ते किमतीत सवलत देतील, काचेची कपाटं देतील, वर्धापनदिनाला फलक लावतील, मुलांसाठी गोष्टींचा कार्यक्रम करतील. अट एकच, मंडळानं वर्षाची सगळी खरेदी त्यांच्याकडूनच करायची; म्हणजे पुस्तक समितीत अक्कांना कामच उरत नव्हतं.

अक्का उठल्या. "मराठी देतात कां?"

"देतील ना, अक्का. देशभर दुकानं आहेत त्यांची."

"देतात कीं देतील?"

लोक हसले. मागून एक तरुण बाप म्हणाला, "खरं सांगू का, आमच्या पोरांना मराठी वाचताच येत नाही. इंग्रजी आणा, निदान कुणीतरी उघडेल."

"माझ्या पोरासही येत नाही," अक्का म्हणाल्या. "म्हणून मी माझ्या नाकावरचा चष्मा काढून ठेवूं?"

पुन्हा हसणं. प्रेमळ हसणं, आजीला हसतात तसं. खजिनदार म्हणाले, "अक्का, तुमचं वय झालं. उन्हातान्हात कुठे हिंडता?"

"मी बसनें जातें. ऊन बसच्या बाहेर असतें."

मी उभी राहिले. कुलकर्णी म्हणाले, "तू सभासद आहेस का गं?" मी म्हटलं, माझे वडील आहेत. "मग वडिलांना बोलू दे." वडील आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात फोरमन आहेत, तिथे युनियनमध्ये भांडतात. इथे बोलले नाहीत. घरी जाताना म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीवरून माणसं कशाला तोडायची?"

हात वर झाले. मग कुलकर्ण्यांनी टेबलाखालून पिशवी काढली आणि पिशवीतून शाल. नीट वाचा हे. शाल आधी आणलेली होती, मतं नंतर घेतली. अक्कांनी ती खांद्यावर घेतली, नारळ पदरात घेतला, आणि खाली वाकून सभेला नमस्कार केला. त्यांना तशीच सवय होती, कुणी काही दिलं की नमस्कार करायचा.

त्या आठवड्यात मी पत्रक छापलं. मराठीत, पहिल्यांदाच. गठ्ठा घेऊन मैलापूरला गेले, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत त्या मुलासुनेबरोबर राहायच्या. अक्कांनी पत्रक बोट ठेवून पूर्ण वाचलं. मी वाट बघत बसले.

"बरें लिहिलेंस. कागद जाड आहे." आणि गठ्ठा ठेवून घेतला. "मागची बाजू कोरी आहे नव्हे? जुन्या पुस्तकांस कव्हर घालतें. अस्क फाटलीं आहेत." अस्क म्हणजे सगळी. "एन्नोरचीं उरलेलीं आहेत काय? तीं मोठीं असतात."

मी चिडले. त्या म्हणाल्या, "अग, वाटून काय होईल? कुलकर्ण्यास लाज वाटेल. लाज वाटलेला माणूस पुस्तक आणीत नाही, तोंड चुकवितो."

दिवाळीच्या सुमारास काचेची कपाटं आली. सुंदर होती, ते कबूल. आत इंग्रजी पुस्तकं: वजन कसं कमी करावं, साहेबाला कसं जिंकावं, रंगवायची चित्रं. खालच्या फळीवर चिठ्ठी: मराठी. तिथे एक रांग होती, नवी कोरी, प्लास्टिकमध्ये. अक्का पहिल्याच दिवशी त्यातली एक कादंबरी घेऊन गेल्या. मंडळात सांगून गेल्या म्हणे, "माझें चुकलें, कुलकर्णीराव. त्यांनीं दिलीं."

त्यानंतर महिनाभर त्या मंडळात फिरकल्या नाहीत. मी एन्नोरच्या धावपळीत होते. गेले एकदा संध्याकाळी. दार सुनेनं उघडलं आणि डोळ्यांनीच आत खूण केली. अक्का खिडकीशी बसल्या होत्या. कॉफी झाली का, जेवलीस का, काही नाही.

"माझें वाचणें गेलें ग," त्या म्हणाल्या.

आधी त्यांना डोळे वाटले होते. डॉक्टरकडे जाऊन आल्या. डोळे ठीक. "अक्षर येतें. जोडतां येतें. अर्थ येत नाहीं. एक शब्द ओळखीचा, पुढचे चार परके. रोज सकाळी बसतें, एक पान करतें, आणि पानाअखेर कांही नाहीं." मग आवाज खाली आणून, सून ऐकेल म्हणून, "माझ्या आईचें असेंच झालें होतें. आधी शब्द गेले. मग आम्ही."

 त्यांच्या मांडीवर ती कादंबरी होती, माझ्याच पत्रकाचं कव्हर घातलेली. मी सहज उघडली. पहिली ओळ वाचली, मग दुसरी.

"अक्का, हे हिंदी आहे."

"काय?"

"हिंदी पुस्तक आहे हे. मराठी नाही. लिपी एक आहे म्हणून दुकानानं मराठी म्हणून दिलं."

मंडळाची पुस्तकं वाचताना अक्कांना अडखळायची सवय होती. तंजावरची मराठी वेगळी, पुस्तकातली वेगळी. न कळलेला शब्द म्हणजे आपलंच काहीतरी कमी, असं त्या धरून चालायच्या. हिंदी त्यांनी आयुष्यात कधी शिकली नव्हती, मद्रासेत कोण शिकवतं? महिनाभर ही बाई एका परक्या भाषेतलं पुस्तक मराठी समजून वाचत होती, आणि रोज सकाळी स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास थोडा थोडा गमावत होती.

"मज वाटलें नवी मराठी अशीच असेल," त्या म्हणाल्या. "तुमची पुण्याची मराठी मज कधीं अस्क कळली?"  माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मिटलं, परत उघडलं.

"मग मी बरी आहें?"

"बऱ्या आहात, अक्का."

"सरी," त्या म्हणाल्या. ठीक. आणि उठून कॉफी करायला गेल्या. आतून कॉफी ओतल्याचा आवाज येत राहिला, डबऱ्यातून, म्हणजे पेल्याखालच्या वाटीतून, पेल्यात, पेल्यातून डबऱ्यात, कॉफी निवायला लागतं त्याच्या कितीतरी पुढे.

मी दुसऱ्याच दिवशी मंडळात गेले. खालच्या फळीवरचं प्रत्येक पुस्तक उघडलं. सगळी हिंदी. कुलकर्ण्यांना दाखवलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. "अरेच्चा. चिठ्ठी मीच लावली, पण प्लास्टिक कोण फाडत बसतं? बदलून घेऊ." दुकानात फोन लावला, दुकान म्हणालं, नेक्स्ट वीक. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मी पुन्हा विचारलं तेव्हा कुलकर्णी थकलेल्या आवाजात म्हणाले, "अगं, राहू दे तोपर्यंत. लिपी तीच आहे. फळी रिकामी दिसण्यापेक्षा बरं. बघतंय कोण?"

"अक्का बघतात."

"अक्का आता समितीत नाहीत."

त्यांच्या घरात दोन पदवीधर मुलं आहेत, स्वतः शाळेत मराठीत पहिले आलेले. रागावून रागावून मला आता त्यांचा रागही येत नाही. कंटाळा येतो.

राहिलं जिन्याचं दुकान. मी आणि अक्का बसनं गेलो. सेल्वम होते तिथेच. अक्कांना बघून उभे राहिले, पण कागद घेतला नाही. मंडळाची मागणी यायची तोवर वरचे लोक मुंबईहून पुस्तकं मागवायला देत होते. आता एका गिऱ्हाइकासाठी मागवू नका म्हणून हुकूम आलाय, असं त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, अजिबात गोड न करता. इल्लै.

परतताना मी बसमध्ये धुसफुसत होते. अक्का म्हणाल्या, "त्याचें काय चुकलें? अजून 'नाही'च म्हणतो बिचारा. एकल्या बाईसाठीं कोण फॅक्स करील?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "आम्ही अस्क मिळून मागत होतों, तेव्हां त्यास ऐकूं येत होतें."

करारानं काय मोडलं ते मला तेव्हा कळलं. अक्कांचं समितीतलं पद नव्हे. मंडळाच्या पन्नास घरांनी न वाचताही, एका बाईच्या तोंडून, मिळून केलेली मागणी मोडली. दुकान कितीही मोठं असो, त्याला तेवढंच ऐकू येतं.

पुढच्या वर्षी अक्कांच्या मुलानं शहराबाहेर सिरुसेरीला फ्लॅट घेतला, कंपनीच्या जवळ. मैलापूरची बस, तळं, देऊळ, सगळं सुटलं. मी भेटायला गेले तेव्हा तिथे इमारतींचा एक पुंजका होता आणि भोवती मोकळी जमीन. मुलगा भला आहे. म्हणाला, "अम्मा, आता दुकानात कशाला जायचं, नेटवर सगळं मिळतं." माझ्यासमोर त्यानं संगणक उघडला आणि शोधलं. मराठी म्हणून जे आलं त्यात सगळ्यात वर होतं, इंग्रजीतून घरबसल्या मराठी शिका.

अक्कांनी चष्मा पुढे करून चित्र पाहिलं. "हें मज विकतात?" त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी एकदाच मनापासून हसल्या.

त्यांच्या उशाशी तमिळ साप्ताहिकं होती. मी विचारलं, "मराठी सोडलीत?"

"मी नाहीं सोडली. पुस्तकें सरलीं." हे त्या सहज म्हणाल्या, डब्यातली साखर संपली असं सांगावं तसं. "होतीं तीं दोनदां झालीं. तिसऱ्यांदा बसलें तर वाचणें होत नाहीं, आठवणें होतें. जाऊं दे. पोदुम्." पोदुम् म्हणजे पुरे.

२००९ च्या उन्हाळ्यात त्या गेल्या, झोपेत. मला कळलं दहावा उलटल्यावर. मंडळानं शोकसभा घेतली. कुलकर्णी चांगलं बोलले, वाचनाची आवड असलेलं व्यक्तिमत्त्व वगैरे. दोन मिनिटं सगळे उभे राहिलो, बसलो, आणि त्याच सभेत पुढचा विषय आला: कॉफीच्या दुकानाशी करार आणखी एक वर्ष. हात वर झाले. माझ्या वडिलांचा झाला नाही, एवढाच फरक.

कुठल्या दुकानातून घ्यावं, कुठे सवलत जास्त, हे मला पुष्कळ जण विचारतात, मी चळवळीतली म्हणून. मी काही सांगत नाही. तुम्हाला मात्र एक काम सांगते आणि ते तुम्ही करायचं आहे. तुमच्या गावात, सोसायटीत, मंडळात जे वाचनालय असेल तिथे या आठवड्यात जा. मराठीची फळी कुठली ते विचारा. तिथलं एक पुस्तक बाहेर काढा, त्याचं प्लास्टिक फाडा, आणि पहिलं पान मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग तिथल्या खुर्चीत बसून विचारा, ही पुस्तकं कोण निवडतं. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.